येणाऱ्या थरारकथांपैकी वाट कुणाची बघायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: येत्या वर्षभरात येणाऱ्या गुन्हेकथा आणि थरारक कादंबऱ्यांपैकी कोणत्यांची वाट बघावी? सोबत तुम्ही लिहिलंय की 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' आणि 'गॉन गर्ल' या दोन कादंबऱ्यांनी तुम्हाला रात्रभर जागवलं. त्यानंतर 'यंदा चुकवू नयेत अशा' याद्या बघून तुम्ही तीन नव्या कादंबऱ्या घेतल्या आणि तिन्ही फसल्या. तिन्हींबद्दलची तुमची तक्रार एकच आहे. शेवटचा धक्का 'वरून आणून चिकटवल्यासारखा' वाटला.

उत्तराची सुरुवात मी या तक्रारीपासूनच करते. पुढच्या वर्षी काय येतंय यापेक्षा तुम्हाला नेमकं काय हवंय हे तिच्यातून जास्त कळतं.

मी गेली २२ वर्षं एका वाचनालयात पुस्तकनिवड करते आणि रहस्य-थराराचं कपाट पहिल्यापासून माझ्याकडे आहे. प्रकाशकांच्या आगामी पुस्तकांच्या याद्या आमच्याकडे दोन-तीन महिने आधी येतात. अजून कुणीच न वाचलेल्या पुस्तकाच्या किती प्रती घ्यायच्या, की घ्यायच्याच नाहीत, हे तेव्हाच ठरवावं लागतं. पुढे तेच पुस्तक देवघेवीच्या टेबलावर परत येतं, तेव्हा आपला अंदाज बरोबर होता की चूक तेही माझ्याच समोर उघड होतं. त्यामुळे न वाचलेल्या पुस्तकाची पारख करणं हे मी पोटापाण्यासाठी शिकलेलं काम आहे. तुम्हाला हवी तशी दहा-वीस नावांची यादी मी देणार नाही. ती तीन महिन्यांत शिळी होईल, आणि तुमचं नुकसान याद्यांनीच केलंय. शेवटी काही नावं मात्र नक्की देते.

आधी तुमच्या आवडीबद्दल. 'सस्पेक्ट एक्स'मध्ये खून कुणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच डोळ्यांसमोर दिसतं. 'गॉन गर्ल'मधला मोठा पडदा शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवलेला नाही, तो बराच आधी उघडतो आणि पुस्तक तिथून आणखी घट्ट होत जातं. म्हणजे तुमची झोप 'कुणी केलं' या प्रश्नाने उडवली नव्हती. लेखकाने पत्ते टेबलावर मांडले, ते तुम्ही पाहिले आणि तरीही चुकीचे वाचले, यात तुम्हाला मजा आली. तुमच्या तीन फसलेल्या पुस्तकांचं वर्णन वाचलं तर तिथे पत्ते लपवलेले होते. निवेदकाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त वाचकाला कळू नये म्हणून तीनशे पानं दडवली आणि शेवटी काढून दाखवली. असा धक्का बसतो खरा, पण मागची पानं चाळली तर त्याची मुळं कुठेच सापडत नाहीत. चिकटवल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच.

हा वाद या साहित्यप्रकाराइतकाच जुना आहे. १९२६ साली अगाथा ख्रिस्तींच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वरून वाचकांमध्ये जोरदार भांडण झालं: ही फसवणूक की अस्सल कारागिरी? (कारण सांगत नाही, कुणी अजून वाचली नसेल तर तिचा आनंद जाईल.) १९२९ मध्ये ब्रिटिश रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. त्यांचा गाभा एवढाच, की तपास करणाऱ्याच्या हाती लागलेला प्रत्येक धागा वाचकाच्याही हाती लागला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथालेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. महत्त्वाचा पुरावा वाचकापासून लपवणार नाही आणि योगायोगाच्या कुबड्या घेणार नाही, अशी शपथ तिथे नव्या सभासदाला घ्यावी लागे. अमेरिकेत एलरी क्वीन या नावाने लिहिणारे दोघे चुलतभाऊ आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत शेवटाआधी थांबून वाचकाला सरळ आव्हान देत: सगळे पुरावे आता तुमच्याकडे आहेत, ओळखा.

इतका मागचा इतिहास सांगायचं कारण असं, की तुम्ही या 'चोख खेळ' परंपरेचे वाचक आहात आणि याद्या तुम्हाला दुसऱ्याच परंपरेची पुस्तकं देतायत. ती परंपरा वाईट आहे असं मी म्हणत नाही. वेगात वाचायला, भीती अनुभवायला ती पुस्तकं अनेकांना हवी असतात आणि आमच्या कपाटातून ती भराभर जातात. पण 'थ्रिलर' या एकाच शब्दाखाली दोन्ही विकली जातात, आणि तुमचा गोंधळ तिथे होतो.

इथे एक गोष्ट मान्य करते. पुढे सांगतेय ते सगळं तुमची आवड मी ओळखली ती बरोबर आहे असं धरून. तुम्हाला गूढापेक्षा एखादं गाव, तिथली माणसं, जुनी पापं हे अधिक ओढत असेल तर नावं बदलतील. इंग्रजीतून किती सहज वाचता यावरही काही गोष्टी ठरतील. आणि पुस्तक बाजारात आल्या दिवशीच हवं की सहा महिने थांबायची तयारी आहे, यावर तर फारच.

आता पारखीकडे वळते. नव्या पुस्तकाबद्दल आधी काहीच कळत नाही असं आपल्याला वाटतं. बरंच काही उघड्यावर पडलेलं असतं, फक्त ते जाहिरातीत नसतं.

माझा सगळ्यात भरवशाचा धागा म्हणजे अनुवाद. इंग्रजीत 'नवी' म्हणून येणारी अनुवादित कादंबरी तिच्या मूळ भाषेत जुनी झालेली असते. हजारो लोकांनी वाचलेली, वर्षानुवर्षं टिकलेली. तुमची 'सस्पेक्ट एक्स'च घ्या. केइगो हिगाशिनो यांची ही कादंबरी जपानीत २००५ साली आली, तिला तिकडचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं, आणि इंग्रजी वाचकांसमोर ती 'नवी' म्हणून आली २०११ मध्ये. त्यांचीच 'मॅलिस' जपानीत १९९६ची, इंग्रजीत २०१४ची. म्हणजे १८ वर्षं तावूनसुलाखून निघालेलं पुस्तक नव्या पुस्तकांच्या टेबलावर उभं होतं, आणि शेजारी त्याच महिन्यात लिहून-छापून आलेली, कुणीच न जोखलेली दहा पुस्तकं होती. दोघांच्या मुखपृष्ठांवर सारखेच चमकदार शब्द. मला निवड करायला क्षणभरही लागला नाही.

तुमच्यासाठी हा धागा आणखी उपयोगाचा आहे, कारण जपानमध्ये तुमच्या आवडीची परंपरा जाणीवपूर्वक जिवंत ठेवली गेली. १९८७ मध्ये युकितो आयात्सुजी यांची 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स' आली आणि पुराव्यांचा चोख खेळ मांडणाऱ्या कादंबऱ्यांची नवी लाट तिथे सुरू झाली. 'शिन होनकाकु', म्हणजे 'नवी अस्सल रहस्यकथा', हे तिचं नाव. ही पहिली कादंबरी इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं. त्याच मालिकेतली 'द मिल हाउस मर्डर्स' १९८८ची, इंग्रजीत २०२३ची. विचित्र घरांची ही मालिका इंग्रजीत एकेक करून येत राहिली आहे, त्यामुळे आयात्सुजींचं पुढचं अनुवादित पुस्तक ही तुमच्यासाठी वाट बघण्यासारखी खरी गोष्ट आहे. त्याही मागे गेलात तर सेइशी योकोमिझो यांची 'द होनजिन मर्डर्स' आहे. बंद खोलीतल्या खुनाची ही कथा १९४६ साली लिहिली गेली आणि इंग्रजीत २०१९ मध्ये आली. ७३ वर्षं जुनी कादंबरी, आणि आमच्या वाचकांनी ती त्या वर्षीची नवी म्हणूनच मागितली.

अनुवादाबद्दल एक बारीक सवय सांगते, ती मला फार उपयोगी पडली. भाषांतरकाराचं नाव वाचत जा. आयात्सुजींच्या या मालिकेचे इंग्रजी अनुवाद हो-लिंग वाँग यांचे आहेत आणि हे गृहस्थ मुळात याच प्रकारच्या जपानी कादंबऱ्यांचे जाणकार आहेत. चांगला भाषांतरकार कितीतरी महिने एका पुस्तकात घालवतो, त्यामुळे तो निवडतोही जपून. एखाद्या लेखकाचं नाव मला अजिबात ओळखीचं नसतं, पण आत भाषांतरकाराचं नाव ओळखीचं दिसतं आणि मी निर्धास्तपणे मागणी नोंदवते.

उत्तर युरोपातल्या पुस्तकांनाही हेच लागू. स्कँडिनेव्हियन देशांतल्या गुन्हेकथांसाठी 'ग्लास की' हा पुरस्कार आहे. १९९२ मध्ये पहिला मिळाला तो हेनिंग मँकेल यांच्या वालँडर या पोलीस तपासनिसाच्या पहिल्या कादंबरीला, आणि तिचा इंग्रजी अनुवाद आला १९९७ मध्ये. पाच वर्षं आधी ज्याला हे नाव ठाऊक होतं त्याला पुढे काय येतंय ते ठाऊक होतं. स्टीग लार्सन यांची पहिली कादंबरी स्वीडिशमध्ये २००५ची, इंग्रजीत २००८ची. जगभर गाजली तेव्हा लेखकाला जाऊन चार वर्षं झाली होती. ब्रिटनमध्ये तर २००५ साली आइसलँडच्या आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांच्या अनुवादित कादंबरीनेच गोल्ड डॅगर हा तिथला गुन्हेकथांचा मुख्य पुरस्कार मिळवला. त्यानंतर मुख्य पुरस्कार मूळ इंग्रजी पुस्तकांपुरता ठेवून अनुवादांसाठी २००६पासून वेगळा डॅगर सुरू झाला. त्या अनुवाद-डॅगरची दरवर्षीची लघुयादी मी विजेत्यापेक्षाही जास्त लक्ष देऊन वाचते.

दुसरा धागा पदार्पणाच्या पुरस्कारांचा. मोठे पुरस्कार बहुधा गाजलेल्या नावांकडे जातात आणि तोवर ती नावं सगळ्यांना माहीत झालेली असतात. पहिल्या कादंबरीचे पुरस्कार पुढचं सांगतात. गिलियन फ्लिन यांचं नाव जगाला २०१२ मध्ये 'गॉन गर्ल'मुळे कळलं. पण त्यांच्या २००६च्या पहिल्या कादंबरीने, 'शार्प ऑब्जेक्ट्स'ने, पुढच्याच वर्षी ब्रिटनचे दोन डॅगर पटकावले होते, एक पदार्पणाचा आणि एक थरारकथेचा. तुमच्या आवडत्या पुस्तकाची चाहूल पाच वर्षं आधी उघड होती. तसंच टाना फ्रेंच यांचं. २००७ची पहिली कादंबरी 'इन द वुड्स', तिला २००८ मध्ये पदार्पणाचा एडगर, म्हणजे अमेरिकेतला गुन्हेकथांचा पुरस्कार. त्यानंतरचं त्यांचं प्रत्येक पुस्तक आमच्याकडे नाव नोंदवून वाट बघावं लागावं असं निघालं.

यावरून मी स्वतःसाठी एक पद्धत बांधली. पदार्पणाच्या लघुयादीतली नावं मी वहीत उतरवते, ती पुस्तकं लगेच मागवत नाही. त्या लेखकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाची वाट बघते. पहिलं पुस्तक माणूस दहा वर्षं मनात घोळवून लिहितो, दुसरं त्याला करारातल्या मुदतीत लिहावं लागतं. बरेच जण तिथे अडखळतात. जो दुसऱ्यातही उभा राहतो त्याच्या तिसऱ्याची मी आगाऊ मागणी नोंदवते आणि त्या निर्णयाचा मला सहसा पश्चात्ताप झालेला नाही.

आता ज्या गोष्टींकडे मी बघतच नाही त्यांच्याबद्दल. मलपृष्ठावर इतर लेखकांनी केलेली स्तुती मी वाचत नाही. ती खोटी असते असं नव्हे. पण ती देणारा आणि घेणारा अनेकदा एकाच प्रकाशकाचे किंवा एकाच एजंटचे लेखक असतात, आणि 'खाली ठेववत नाही' या वाक्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. खपाच्या आकड्यांचंही तसंच. रॉबर्ट गॅलब्रेथ या अनोळखी नावाने 'द ककूज कॉलिंग' ही कादंबरी एप्रिल २०१३ मध्ये आली. परीक्षणं चांगली होती, तरी ब्रिटनमध्ये तिच्या पुठ्ठाबांधणीच्या सुमारे १,५०० प्रतीच खपल्या. जुलैमध्ये एका वर्तमानपत्राने उघड केलं की हे जे. के. रोलिंग यांचं टोपणनाव आहे, आणि रातोरात तीच कादंबरी खपाच्या यादीत सगळ्यात वर. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. एप्रिल आणि जुलैमधला तो सगळा फरक जाहिरातीचा होता, आणि याद्या जुलैसारख्याच बनतात.

उलटही घडतं. मिक हेरन यांची 'स्लो हॉर्सेस' २०१० साली आली तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी वळून बघितलं नाही. पुढची 'डेड लायन्स' छापायला त्यांच्या ब्रिटिश प्रकाशकाने नकार दिला, आणि त्याच पुस्तकाला २०१३ चा गोल्ड डॅगर मिळाला. तरीही मालिकेला मोठा वाचकवर्ग मिळायला आणखी काही वर्षं गेली. आमच्या वाचनालयातली 'स्लो हॉर्सेस'ची पहिली प्रत चार वर्षं जवळजवळ कोरी पडून होती. आता तिची पाठ दोनदा चिकटवून झाली आहे.

मुखपृष्ठावर दोन नावं असतील तर लहान अक्षरातलं नाव आधी वाचा, कारण बहुधा पुस्तक त्या माणसाने लिहिलेलं असतं. रॉबर्ट लडलम २००१ मध्ये गेले, तरी त्यांच्या नावाच्या कादंबऱ्या त्यानंतर कितीतरी वर्षं निघत राहिल्या. त्यातल्या काही चांगल्याही आहेत. पण वाट बघायची तर प्रत्यक्ष लिहिणाऱ्या माणसाची बघावी.

हे सगळं झाल्यावरही एखाद्या पुस्तकाबद्दल शंका उरतेच. मग मी नमुन्याची पानं वाचते. आजकाल बहुतेक प्रकाशक पहिली एक-दोन प्रकरणं आधीच वाचायला देतात. त्यात मी थरार शोधत नाही. सुरुवात थरारकच असणार, ती त्यासाठीच घासूनपुसून दिलेली असते. मी बघते की निवेदक माझ्यापासून काय लपवतोय आणि कसं. समजा पहिल्याच पानावर निवेदिका म्हणते, 'त्या रात्री मी जे केलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.' तिथेच मी सावध होते. ती आपल्या मनात बोलते आहे आणि मनातही नेमका तोच प्रसंग टाळते आहे. हे टाळणं तिच्या स्वभावातून आलेलं नाही, लेखकाने गरजेपोटी तिच्यावर लादलेलं आहे. पुढची तीनशे पानं तेच लपवणं चालणार आणि शेवट चिकटवलेला निघणार, याची शक्यता मोठी. याउलट एखादा लेखक पहिल्या वीस पानांत मला पाच गोष्टी सरळ दाखवतो. टेबलावरचा कप, उशिरा आलेला शेजारी, दोनदा बदललेलं एखादं वाक्य. त्यातल्या एकीकडे माझं लक्ष जाणार नाही अशा बेताने तो बोलतो. असं पुस्तक तुमचं.

हे मी टेबलामागे बसून शिकले. नवी थरारक कादंबरी पहिल्या काही महिन्यांत दहा-बारा हातांतून जाते. ती परत आली की मी तिच्या पानांची कडा उजेडात धरून बघते. सांगूनही वाचक पानांचे कोपरे दुमडतातच, आणि त्या दुमडी सरळ केल्या तरी रेघ राहते. काही पुस्तकांत या रेघा पान ३०, ४८, ७१, ९० अशा दाट दिसतात आणि नव्वदीनंतर पुढचा सगळा भाग पांढराशुभ्र, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. दहा जणांपैकी कितीतरी तिथेच थांबले. काहींत उलट दिसतं: सुरुवातीला एक-दोन दुमडी, मग काहीच नाही, आणि तारखेच्या चिठ्ठीवरचे शिक्के तीन-तीन दिवसांच्या अंतराने. घेतलं, एका दमात संपवलं, परत केलं.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो तिसरा प्रकार. त्यात शेवटच्या पानांसारखीच सुरुवातीची पानंही मळलेली असतात. पुस्तक संपल्यावर वाचक पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे गेलेला असतो, आपण काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही ते तपासायला. 'सस्पेक्ट एक्स'ची आमची प्रत तशी आहे. एक वयस्क सभासद ती परत करताना टेबलाशी उभे राहूनच पुन्हा पहिली पानं उलटत होते. मागे रांग होती. मी त्यांना म्हटलं, "काका, अजून आठवडाभर ठेवा." ते म्हणाले, "नको, सापडलं." आणि एका परिच्छेदावर बोट ठेवून मला दाखवलं. माझ्या लेखी चोख खेळाचा पुरावा म्हणजे ते बोट. वाचकाला परत जाऊन बोट ठेवायला जागा मिळाली पाहिजे.

आता नावं, तुमच्या आवडीच्या क्रमाने.

हिगाशिनोंच्या इंग्रजीत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची वाट बघा. पण तोवर 'मॅलिस' वाचली नसेल तर आधी ती. खुनी कोण हे तिथेही लवकर कळतं, प्रश्न उरतो तो 'का' एवढाच, आणि त्या एका 'का'वर अख्खी कादंबरी उभी आहे. 'सस्पेक्ट एक्स' आवडलेल्या माणसाला मी दुसरं काही सुचवतच नाही. आयात्सुजींबद्दल वर सांगितलंच. पात्रं जरा बुजगावण्यासारखी वाटतील, रचनेकडे लक्ष ठेवा. त्याच देशातला उकेत्सु हा लेखक मुखवटा घालून वावरतो. तो कथेत चित्रं आणि घरांचे नकाशे देऊन त्यातूनच रहस्य मांडतो. 'स्ट्रेंज पिक्चर्स' इंग्रजीत २०२५ मध्ये आली. पुरावा अक्षरशः डोळ्यांसमोर छापलेला असतो, त्यामुळे तुमच्यासारख्या वाचकाने ती एकदा हाताळावीच.

इंग्रजीत मूळ लिहिणाऱ्यांत अँथनी हॉरोविट्झ. 'मॅगपाय मर्डर्स' (२०१६) मध्ये कादंबरीच्या पोटात दुसरी अख्खी कादंबरी आहे आणि दोन्हींतले पुरावे वाचकासमोर मांडलेले आहेत. त्या मालिकेत पुढे 'मूनफ्लॉवर मर्डर्स' (२०२०) आणि 'मार्बल हॉल मर्डर्स' (२०२५) आल्या. क्रमानेच वाचा, कारण पुढच्या पुस्तकात मागच्या गुन्ह्याचा उलगडा बोलण्यात येऊन जातो.

टाना फ्रेंच वेगळ्या कारणासाठी. त्यांच्याकडे कोडं दुय्यम असतं, माणसं आणि जागा पहिल्या. 'द सर्चर' (२०२०) आणि 'द हंटर' (२०२४) मध्ये शिकागोतून निवृत्त झालेला एक पोलीस आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यात राहायला येतो. गती संथ आहे. ज्यांना दर दहा पानांनी काहीतरी घडायला हवं त्यांना मी त्या देत नाही. जेन हार्पर यांची 'द ड्राय' (२०१६, पुढच्या वर्षी गोल्ड डॅगर) दुष्काळात होरपळणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या गावाची. ती याच बाजूची, पण जास्त वेगवान. दोन्ही परंपरांच्या मधली जागा हवी असेल तर इथून सुरू करा.

हेरन यांच्या हेरांच्या मालिकेतलं नववं पुस्तक २०२५ मध्ये आलं. तुम्ही नवखे असाल तर नवव्याची घाई करू नका. पहिल्यापासून चढत जा, त्यांच्याकडे माणसं खरोखर मरतात आणि आधीची पुस्तकं न वाचता त्याचा घाव बसत नाही. आणि एस. ए. कॉस्बी. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात घडणाऱ्या, राग आणि दुःखाने भरलेल्या कादंबऱ्या. 'रेझरब्लेड टिअर्स' (२०२१) मध्ये खून झालेल्या दोन मुलांचे दोन बाप एकत्र येतात. यात कोडं जवळजवळ नाहीच. तरी त्यांच्या पुढच्या पुस्तकाची मी स्वतः वाट बघते, कारण सूडकथा लिहिताना सूडाची किंमत इतक्या प्रामाणिकपणे मोजणारा दुसरा माणूस मला सध्या दिसत नाही. हिंसा मात्र थेट आहे, सहन होत नसेल तर टाळा.

वर्षभरात लक्ष कधी ठेवायचं, तेही सांगून टाकते. एडगर अ‍ॅलन पो यांचा जन्म १९ जानेवारी १८०९चा, आणि त्या तारखेच्या आसपास एडगर पुरस्कारांची नामांकनं जाहीर होतात. पदार्पणाचा विभाग त्या दिवशी वाचून ठेवा. ब्रिटनच्या डॅगर पुरस्कारांच्या याद्या वसंतात येतात आणि विजेते बहुधा जुलैत. सप्टेंबरपासून मोठ्या नावांची गर्दी होते, तेव्हा लहान पुस्तकं झाकली जातात. आणि तुम्हाला घाई नसेल तर पेपरबॅक साधारण वर्षभराने येते. तोवर गाजावाजा विरलेला असतो आणि पुस्तकाबद्दल जे बोललं जातं ते वाचून बोललेलं असतं. मी स्वतःच्या पैशांनी घेते ती पुस्तकं जवळजवळ सगळी अशी थांबून घेतलेली आहेत.

म्हणून तुमच्यासाठी लगेच एवढंच: 'मॅलिस' घ्या, मग 'मॅगपाय मर्डर्स'. दोन्ही वाचून झाल्यावर मला लिहा, शेवटानंतर तुम्ही मागच्या कुठल्या पानाकडे परत गेलात आणि कशावर बोट ठेवलंत. ते पान कळलं की तिसरं नाव मला जास्त खात्रीने सांगता येईल.